वहीतले अठ्ठ्याहत्तर

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत लांब टेबलाभोवती आठ खुर्च्या होत्या, आणि धाकटीच्या शेजारची खुर्ची तिच्या मोठ्या जावेने पटकावली. पटकावली म्हणजे काय, साधी बसली बिचारी. पण थोरलीला ते पटकावणंच वाटलं. आईचे गुडघे धड नव्हते, म्हणून थोरली तिला धरून लिफ्टपासून हळूहळू आणत होती, तेवढ्यात जागा गेली. जाऊबाईंनी पर्स टेबलावर ठेवली होती, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून ती धाकटीपुढे सरकवली होती, आणि वर हसून म्हणाल्या, "या ना ताई, बसा."

जशी काही थोरलीच पाहुणी.

थोरली टेबलाच्या पलीकडे बसली. तिच्या आणि धाकटीच्या मधोमध प्लास्टिकचं एक मोठं हृदय ठेवलेलं होतं, रुग्णांना समजावून सांगायला. त्याच्या आडून तिला बहिणीचं अर्धंच तोंड दिसत होतं. ते अर्धं तोंड जाऊबाईंशी काहीतरी हळूच बोललं आणि दोघी खुदकन हसल्या.

"काय झालं हसायला?" थोरलीने विचारलं.

"काही नाही गं ताई, असंच."

असंच! घरात कोणी थोरलीला 'असंच' म्हणून टोलवलं की तिचं डोकं फिरतं, हे धाकटीला लहानपणापासून ठाऊक होतं.

दर गुरुवारी सकाळी ही मंडळी या खोलीत जमत. हृदयाचे डॉक्टर, बाळंतपणाच्या डॉक्टरबाई, भूल देणारे डॉक्टर, आणि या तिघांची मोट बांधून ठेवणारी नर्स. हृदय दुबळं असलेल्या गरोदर बाईने दहा दारं हिंडायची नाहीत, सगळ्यांनी एका टेबलाशी तिच्यासाठी बसायचं, अशी इथली पद्धत. घरच्यांनाही आत घेत. जे काही बोलायचं ते सर्वांसमोर, आणि शेवटी नर्स एक पान लिहिणार. बाळंतपण कुठे, केव्हा, कोणती औषधं, बिघडलंच तर कोणी काय करायचं. त्या पानाची एक प्रत बाईच्या पर्समध्ये, एक प्रसूतीच्या वॉर्डात, एक रुग्णवाहिकेत. मग वेळ आली की कोणी कोणाला विचारत बसायचं नाही, पानावर असेल तसं करायचं.

आज धाकटीचं पान लिहायचं होतं. एकतिसावा आठवडा लागला होता.

धाकटीच्या हृदयाची एक झडप जन्मापासून अरुंद. सहा वर्षांची असताना छाती उघडून ती दुरुस्त केली, पण पुरती नीट काही झाली नाही. लग्नाच्या वेळी सासरच्यांना सगळं सांगून झालं होतं. मुलाबाळांचा विचारही करू नका, असं एका डॉक्टरने तेव्हा तोंडावर सांगितलं होतं. पण या गुरुवारच्या मंडळींनी तिला तपासून, मोजूनमापून सांगितलं, धोका आहे, पण सांभाळता येईल. सांभाळायचं कसं ते आम्ही बघतो.

आम्ही! गेल्या चार महिन्यांत थोरलीला सगळ्यांत जास्त झोंबला असेल तर हा शब्द. आणि त्याच्या खालोखाल 'सिस्टर म्हणाल्या'. फोन केला की धाकटीचं सुरू. सिस्टर म्हणाल्या डाव्या कुशीवर झोप. सिस्टर म्हणाल्या रोज वजन कर, दोन दिवसांत किलोभर वाढलं तर फोन कर. सिस्टर म्हणाल्या जिना एका दमात चढायचा नाही. अगं, जिना एका दमात चढायचा नाही हे तुला पंचवीस वर्षं कोण सांगतंय? तिसऱ्या पायरीवर तुझं दप्तर कोण घ्यायचं? हे सगळं थोरलीच्या ओठांपर्यंत यायचं. ती म्हणायची मात्र, "बरं झालं हो, चांगल्या आहेत सिस्टर."

आणि त्याच्याही तळाशी एक गोष्ट होती, ती थोरली स्वतःशीसुद्धा एका वेळी अर्धीच बोलायची. ती शाळेत खेळाची बाई होती. रोज पहाटे पाच किलोमीटर पळायची. तिचं हृदय घड्याळासारखं चालायचं. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि पाळणा काही हलला नव्हता. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. आणि जिला तीन पायऱ्यांवर धाप लागते, ती तिच्या समोर पोटावर हात ठेवून बसली होती. थोरलीला तिच्या पोटाकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडे कुठे बघताही येत नव्हतं.

नर्सने कागद पुढे ओढला. पन्नाशीची, ठेंगणी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली बाई. "आधी सोपं लिहून घेऊ. पहिला फोन कोणाला करायचा? मिस्टर तर अजून जहाजावर आहेत ना?"

"पुढच्या महिन्यात उतरतील," धाकटी म्हणाली. "मी लिहून दिलंय ना मागे."

"हो, दिलंय. पहिला फोन, मोठी जाऊ. प्रसूतीच्या खोलीत सोबतीला, तीही मोठी जाऊ." नर्सने वर पाहिलं. "बरोबर?"

"बरोबर."

थोरली खुर्चीत पुढे सरकली. आईने टेबलाखाली तिच्या मांडीवर हात ठेवला. आईला सगळं कळायचं, फक्त त्यावर काही करणं तिला कधी जमलं नव्हतं.

"मी आहे की," थोरली म्हणाली. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"अगं ताई, तू दोन तास लांब. वहिनी घरातच आहेत. गाडी त्याच चालवतात."

"दोन तासांचं काय कौतुक! तुला ताप आला की मी परीक्षा सोडून आलेय."

"म्हणूनच," धाकटी म्हणाली.

"म्हणूनच म्हणजे?"

"म्हणजे तू खूप केलंयस. आता जरा..."

"आता जरा काय? निवृत्त होऊ?"

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. वयाने तरुण होते, अशा वेळी कुठे बघायचं ते शिकलेले होते. जाऊबाई म्हणाल्या, "ताई, तसं नाही हो. तुम्ही म्हणाल तसं."

'तुम्ही म्हणाल तसं'! हरलेल्याची समजूत काढावी तसं. थोरलीने खाली वाकून पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उचलली आणि टेबलावर धाडकन ठेवली. प्लास्टिकच्या हृदयाचा एक तुकडा निखळून गडगडत डॉक्टरबाईंपर्यंत गेला.

"हे बघा आधी," थोरली म्हणाली.

पिशवीतून सात वह्या निघाल्या. निळी पुठ्ठ्याची कव्हरं, कोपरे मऊ पडलेले. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं होतं की रोज संध्याकाळी नाडी मोजा आणि लिहून ठेवा, शंभरच्या वर गेली किंवा अडखळती लागली तर असाल तसे निघून या. बाबा फिरतीवर, आणि आईचे हात थरथरायचे, तिला मोजायला जमेना. मग ते काम अकरा वर्षांच्या थोरलीकडे आलं. बहीण एकवीस वर्षांनंतर बोहल्यावर चढली त्या दिवसापर्यंत तिने ते केलं. तारीख, आकडा, खाली सही. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहत होती तेव्हाही रोज संध्याकाळी माहेरी येऊन मोजायची, आणि गावाला गेली तरी फोनवरून धाकटीला मोजायला लावून परत आल्यावर वेगळ्या शाईने लिहिलं होतं.

हृदयाच्या डॉक्टरांनी चष्मा लावला. पहिली वही उघडली, मग दुसरी. मग एकेक करत सगळ्या चाळल्या.

"एकवीस वर्षं?" त्यांनी विचारलं.

"एक दिवस चुकला नाही," आई म्हणाली. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली. "घरात कोणी आजारी असो, पाहुणे असोत. आधी नाडी, मग जेवण."

"सिस्टर, हे बघितलंत का?"

नर्स उठून त्यांच्या खांद्यामागे आली. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. पान उलटलं, आणखी एक उलटलं. "माझ्या नोकरीत अशी नोंद मी पाहिली नाही," ती म्हणाली. "आम्ही पगार घेऊन इतकं नीट लिहीत नाही."

थोरलीला एकदम हलकं वाटलं. चार महिन्यांचा सगळा जळफळाट त्या एका वाक्यात वाहून गेला म्हणा ना. तिने धाकटीकडे पाहिलं, तर धाकटीचा चेहरा फुललेला.

"सांगितलं नव्हतं मी तुम्हाला?" ती जाऊबाईंना कोपराने ढोसत म्हणाली. "अशी आहे माझी ताई."

"मग काय तर," जाऊबाई म्हणाल्या. "अगं, हे बघितल्यावर माझं नाव कसलं घालतेस? ताईंचंच घाल. त्या आठवडाभर आधी आपल्याकडे येऊन राहतील. मी गाडी चालवीन, त्या तुझ्याजवळ बसतील. हो ना ताई? आणि मुख्य म्हणजे, खोलीत त्याच."

मनात काही ठेवून बोलणारी बाई नव्हती ती. थोरलीला आजवर याचाही राग यायचा.

"येशील?" धाकटीने विचारलं.

"विचारतेस काय!"

"सिस्टर, बदला. पहिला फोन ताई. खोलीतही ताई."

नर्सने एक रेघ मारली आणि वर नवं नाव लिहिलं. थोरलीने ते उलटं, टेबलाच्या पलीकडून वाचलं. सोळाव्या वर्षी पळताना शेवटच्या वळणावर एकेकीला मागे टाकताना वाटलं होतं तसंच तिला वाटत होतं.

आणि तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "फारच उपयोगी पडल्या या वह्या. माझा एक प्रश्न सुटला."

"कसला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तीन आठवड्यांपूर्वी यांना धडधड झाली होती. दहा मिनिटं. इथे आल्या तोवर थांबली होती, आलेखात काही सापडलं नाही. दिवस गेल्यावर अशी धडधड पुष्कळ जणींना होते, त्यात काही नसतं. पण अरुंद झडपेच्या मागे हृदयाची लय बिघडत असेल, तर आत रक्ताची गुठळी होऊ शकते. मग रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं आली."

"आणि तसं असेल तर माझं सगळं वेळापत्रक बदलतं," भूल देणारे डॉक्टर म्हणाले. "ते इंजेक्शन आणि कमरेतली भूल, दोन्हींत ठरावीक तास जावे लागतात. आधी माहीत हवं. ऐन वेळी कळून चालत नाही."

"तेच. म्हणून मी विचारात होतो. पण इथे एकवीस वर्षांत एकदाही लय बिघडल्याची नोंद नाही. तापात दोनदा एकशे दहा, बस." डॉक्टरांनी पुन्हा उघडलेली तिसरी वही मिटून गठ्ठ्यावर ठेवली. "तेव्हा माझं मत, इंजेक्शन सध्या नको. छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत घरी राहू द्या. सिस्टर, लिहा. पूर्वी लय बिघडल्याचा इतिहास नाही."

नर्स लिहू लागली.

तिसरी वही होती ती. तिसऱ्या वहीतलं ते पान थोरलीला न उघडता दिसत होतं. उजवं पान, वरून सातवी ओळ. अठ्ठ्याहत्तर.

त्या दिवशी तिची शर्यत होती. आठशे मीटर, सगळ्या शाळांची मिळून. त्याआधीच्या चार शर्यतींना आईबाबा यायचे ठरले आणि चारही वेळा धाकटीला काही ना काही झालं, मग कोणीच आलं नाही. या वेळी बाबांनी रजा काढली होती. यायला उशीर होणार म्हणून नाडी दुपारीच मोजायची ठरली. थोरलीने पांढरे मोजे घातले, धाकटीला पलंगावर बसवलं आणि मनगट धरलं. बोटांखाली सगळा गोंधळ. भरभर, मग काहीच नाही, मग दोन एकदम. एकशे चाळीसच्या पुढे तिचं मोजणं चुकलं. धाकटी घामेजली होती, पण तिला बाहेर जायची हौस, ती म्हणाली, "झालं का ताई?" बाहेरून बाबांनी हाक मारली, "किती गं?"

थोरलीने कालचा आकडा बघितला आणि तोच लिहिला. "अठ्ठ्याहत्तर!" ती ओरडली.

ती तिसरी आली. बाबा उभं राहून टाळ्या वाजवत होते. आईच्या मांडीवर डोकं ठेवून धाकटी पायऱ्यांवर पडून होती, ऊन लागलं म्हणे. संध्याकाळी चोरून मोजली तेव्हा नाडी सरळ झालेली होती. त्यानंतर सोळा वर्षं थोरलीने एकही दिवस चुकवला नाही, एकही आकडा खोटा लिहिला नाही. लोक म्हणायचे, केवढी माया! थोरली ऐकून घ्यायची.

"सिस्टर," थोरली म्हणाली.

नर्सचं पेन थांबलं.

गप्प बसली असती तर कोणाला कळणार होतं? पानावर तिचं नाव पहिलं होतं. प्रसूतीच्या खोलीत ती असणार होती, बाळ आधी तिच्या हातात येणार होतं. वीस वर्षांपूर्वीची दहा-पंधरा मिनिटं, कदाचित काहीच नसेलही. कदाचित ऊनच लागलं असेल.

"ते लिहू नका. इतिहास आहे."

"काय?" डॉक्टर म्हणाले.

थोरलीने तिसरी वही ओढली, पान काढलं आणि ओळीवर बोट ठेवलं. "हे खोटं आहे. एकशे चाळीसच्या वर होती. किती ते सांगता येणार नाही, मोजता आली नाही. मध्येमध्ये थांबत होती. मी अठ्ठ्याहत्तर लिहिलं."

"का?" हे धाकटीने विचारलं.

"माझी शर्यत होती."

आई म्हणाली, "अगं पण..."

"तुला घेऊन दवाखान्यात गेले असते सगळे. नेहमीसारखे. मला एकदा, एकदाच, त्यांनी मला बघायला हवं होतं." थोरली धाकटीकडे बघत बोलत होती. मधलं हृदय कोणीतरी बाजूला सरकवलं होतं, आता पूर्ण तोंड दिसत होतं. "तुझ्यावर जळायचे मी. सगळे तुझे होते. आत्ताही जळते. सकाळपासून खुर्चीवरून जळतेय."

"आणि एवढी वर्षं मोजत होतीस," धाकटी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मला वाटायचं माझ्यासाठी मोजतेस."

"तुझ्यासाठीच."

"नाही. त्या दिवसासाठी."

दोन्ही खरं होतं, पण दोन्ही खरं आहे असं म्हणायची ती वेळ नव्हती.

हृदयाच्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "वय काय होतं तुमचं?"

"सोळा."

"आज किती?"

"छत्तीस."

"सोळाचं सोळापाशी. छत्तीसने आज सांगितलं, ते माझ्या कामाचं." ते बाकीच्यांकडे वळले. "आधीचं खोडा, सिस्टर. आजच छातीला यंत्र लावू, आठवडाभर ठोके टिपत राहील. तोवर यांनी घरी राहायचं नाही."

"वॉर्डात घेते मी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी पुन्हा बसू. इंजेक्शनचं तेव्हा, किंवा आधी काही सापडलं तर लगेच."

"मला दोन्ही वेळापत्रकं तयार ठेवू द्या," भूल देणारे डॉक्टर म्हणाले, आणि लिहायलाही लागले.

एवढं होऊन कोणी आरडाओरडा केला नाही, याचंच थोरलीला रडू आलं. घरी हे झालं असतं तर आई कपाळाला हात लावून बसली असती आणि बाबांनी दार आपटलं असतं. इथे एकाने सांगितलं, दुसऱ्याने लिहिलं, तिसऱ्याने आपलं काम बदललं. हे चार जण एकमेकांवर जळत नसतील का कधी? जळत असतील. पण पान एकच होतं.

नर्सने नवा कागद घेतला. "पहिला फोन?" तिने जपून विचारलं.

धाकटीने थोरलीकडे बघितलं नाही. "वहिनींना."

"अगं," जाऊबाई म्हणाल्या.

"वहिनींनाच. खोलीतही वहिनीच."

नर्सने लिहिलं. थोरलीने मान हलवली, जसं काही तिचं मत कोणी विचारलं होतं. ती वह्या गोळा करून पिशवीत भरू लागली. सातही वह्या इतक्या वेळा काढल्या-भरल्या होत्या, तरी आता पिशवीत मावेनात.

"यंत्र लावायच्या आधी नाडी लिहून घेते," नर्स म्हणाली आणि खुर्ची सरकवून धाकटीजवळ आली. "हात द्या."

धाकटीने हात पुढे केला. पण नर्सकडे नाही. टेबलावरून सरळ पलीकडे, वह्यांच्या पिशवीपाशी तिने तळवा वर करून मनगट ठेवलं. चेहरा अजून रागाने लाल होता, डोळे भरलेले होते.

"तू मोज," ती म्हणाली. "मोठ्यानं सांग."

शाळेतली शिट्टी आणि थांबघड्याळ थोरलीच्या गळ्यात होतं, घाईत काढायचं राहून गेलं होतं. तिने ते हातात घेतलं. तीन बोटं मनगटावर ठेवली. नर्स बाजूला उभी राहिली. जाऊबाई उठून आईच्या मागे गेल्या, शेजारची खुर्ची रिकामी झाली, पण थोरली उभीच राहिली. पुरतं मिनिट मोजलं तिने. अर्धं मोजून दुप्पट केलं नाही.

"एकशे सहा," ती म्हणाली. "आणि तीनदा अडखळली."

"नक्की?" धाकटीने विचारलं. हा प्रश्न तिने आयुष्यात पहिल्यांदाच विचारला होता.

"नक्की."

धाकटीने हात काढून घेतला आणि नर्सला म्हणाली, "लिहा."